ढोरदवणा

पहाटे उठलो की मी आधी पेलाभर गरम पाणी पितो. चहा नंतर. आणि पाणी घटाघटा नाही, फुंकून फुंकून, घोटाघोटानं. मग दोन्ही कान लाल होईपर्यंत चोळतो, तळहात एकमेकांवर घासून डोळ्यांवर ठेवतो, आणि अंगठा नि पहिलं बोट यांच्या बेचक्यातलं मांस दाबत खाटेवर बसून राहतो. घरातल्यांना हे म्हातारचळ वाटतात. वाटू देत. आता हाडं थकली आहेत, गुडघे उठताना शिव्या देतात, रात्रीची झोप म्हणजे नुसती कूस बदलणं झालं आहे, आणि या सगळ्याला तोंड द्यायचं तर माणसाकडे स्वतःचं काहीतरी लागतं. माझ्याकडे हे आहे. मी हे कोणा डॉक्टरकडून शिकलो नाही. माझ्या चुलत्यांकडून, म्हणजे तात्यांकडून शिकलो, आणि तात्या ते चीनच्या कैदेत शिकून आले होते. तात्या म्हणायचे, अंगाशी भांडू नये, ते आपल्यापेक्षा हट्टी असतं. मी स्वतः हट्टी, त्यामुळे हे वाक्य मला पटायला साठ वर्षं लागली.

आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला होता. आता तिथं सात-आठ मजल्यांच्या इमारती आहेत आणि आमच्या विहिरीवर कोणाच्या तरी मोटारी उभ्या राहतात. तेव्हा शेवंती, झेंडू, निशिगंध, कडेनं मेथी-कोथिंबीर, आणि विहिरीजवळच्या गार तुकड्यात दवणा. पहाटे इंजिनाचा पुकपुक आवाज सुरू झाला की बाईच्या जात्याचा आवाज त्यात बुडून जायचा. आईला आम्ही बाई म्हणायचो. बाईची बाजरीची भाकरी, मेथीची गोळा भाजी आणि थंडीत हुलग्याचं माडगं, एवढ्यावर घर चालायचं. फुलं तोडून ओल्या फडक्यात बांधली की अण्णा, म्हणजे माझे वडील, टोपल्या सायकलला लावून गंगेवरच्या फुलबाजारात जायचे. बाहेरचे लोक गोदावरी म्हणतात, आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. चौथीनंतर मी शाळा सोडली ती या टोपल्यांसाठी. मला त्याचं वाईट वाटत नाही. मला वेण्या बांधता येत होत्या, वाफे ओढता येत होते, आणि वर मला एक मान होता, जो शाळेत जाऊन कोणाला मिळत नाही. मी पायाळू होतो.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून आलेला. ज्याच्या कमरेत उसण भरते, म्हणजे कळ येऊन माणूस जागच्या जागी अडकतो, त्याच्या कमरेला पायाळू माणसानं डावा पाय लावला की उसण उतरते, असं आमच्यात मानतात. सकाळी तोंड धुवायच्या आत आमच्या ओट्यावर दोन-चार माणसं कमरेला हात लावून उभी असायची. मोठमोठी माणसं, पाटलांच्या घरातलीसुद्धा, माझ्यापुढे पालथी पडायची आणि मी त्यांना लाथ मारायचो. मिसरूड फुटायच्या वयात एवढा मान मिळाला की माणूस ताठच होतो. मी अजून ताठ आहे, फक्त कंबर नाही.

तात्या अण्णांचे थोरले भाऊ. पलटणीत होते. चीनच्या लढाईत ते गेले आणि कित्येक महिने त्यांची काही खबर नव्हती. त्यांची बायको लढाईच्या आधीच तापानं गेलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे वाट बघणारे आम्हीच. मग एके दिवशी कळलं की जिवंत आहेत, चिन्यांनी धरून ठेवलं होतं, आता सोडलं. ते आले तेव्हा बाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायावर पाणी घालायला वाकली, तर तशीच वाकलेली राहिली. डाव्या पायाची बोटं नव्हती. बर्फानं खाल्ली होती. तात्या तिला म्हणाले, राहू दे, थंड पाणी नको, जरा कोमट कर. आमच्या घरात त्या दिवसापासून चुलीवर एक जास्तीचं भगुणं चढलं, ते चढलंच.

सकाळी प्यायला गरम पाणी, जेवणावर गरम पाणी, आणि दिवेलागणीला घमेल्यात पाय बुडवून बसायला गरम पाणी, त्यात आल्याचा ठेचा. माठातलं पाणी ते उन्हाळ्यातही पीत नसत. शिळं, गार काही पोटात घालू नये, पोट म्हणजे चूल आहे, तिच्यावर पाणी ओतायचं का, असं म्हणत. मळ्यात दुपारी सगळे झाडाखाली आडवे व्हायचे तेव्हा ते मांड्यांवर, दंडांवर मुठीनं हलकं हलकं ठोकत बसायचे. मजूर हसायचे. गावानं त्यांचं नाव चिन्या ठेवलं. अण्णा हसत नव्हते, चिडतही नव्हते. ते फक्त सरपणाकडे बघायचे आणि बाईला ऐकू जाईल असं म्हणायचे, की पाय शिजवायला लागणाऱ्या लाकडात दोन माणसांचं जेवण होतं.

पण खरं दुखणं सरपणाचं नव्हतं. अण्णा पूर्वी तात्यांना दादा म्हणायचे. दादाला विचारून, दादा म्हणेल तसं. तात्या परत आल्यावर ते दादा बंद झालं. हाकच मारायचे नाहीत. भिंतीकडे बघून बोलायचे, की कोणीतरी निशिगंधाला पाणी लावा. आणि चैत्र आला तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. चैत्रात महादेवाला दवणा वाहतात. आमच्या मळ्यातली पहिली जुडी घरातल्या थोरल्या माणसानं अनवाणी गंगेवर नेऊन महादेवाला वाहायची आणि मग बाकीचा दवणा बाजारात न्यायचा, ही आमच्या आजोबांच्या आधीपासूनची रीत. तात्या पलटणीत असताना अण्णा न्यायचे, ते ठीक. तात्या घरात आले त्या चैत्रातही अण्णांनीच जुडी उचलली आणि निघून गेले. तात्या ओट्यावर बसून होते. ते आपली मूठ मांडीवर ठोकत राहिले.

त्यानंतरच्या वर्षात तात्यांनी दवणा जाळायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, कैदेत एक म्हातारा चिनी त्यांच्या पायांना एक पाला जाळून शेक द्यायचा, त्याचा वास थेट दवण्यासारखा. तात्या माळ्याचा माणूस, त्यांचा भरवसा वासावर. त्यांनी दवणा वाळवला, खलात कुटला, त्याच्या गोळ्या करून घोट्याजवळ ठेवून पेटवायला लागले. गोळी नीट धुमसायची नाही. भस्सकन पेटायची, नाहीतर विझायची. पायांवर फोड यायचे. तात्या पुटपुटायचे, त्या म्हाताऱ्याचा पाला कुटला की कापसासारखा व्हायचा, ह्याची नुसती पूड होते. तरी सोडायचे नाहीत. हट्ट आमच्या रक्तातच आहे.

मळ्यातल्या मजुरांनी हे बाजारात नेलं. एका सकाळी फुलबाजारात एका म्हातारीनं आमची जुडी हातात घेतली, हुंगली आणि अण्णांना विचारलं, "माळीदादा, हा देवाला वाहायचा का पायाला लावायचा?" शेजारचे सगळे हसले. मी तिथंच होतो. अण्णांनी जुडी तिच्या हातातून घेऊन टोपलीत ठेवली, आणि घरी येऊन त्यांनी तात्यांचा खल उचलून गोठ्यात फेकला आणि भिंतीला सांगितलं, की देवाचं झाड पायाला जाळणारा माणूस या घरात राहणार असेल तर मी राहणार नाही. बाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. तात्या उठले आणि त्यांनी आपली पलटणीतली ट्रंक ओढून काढली. बाईनं ट्रंकेवर धान्याचं पोतं ठेवलं आणि तिथंच सूप घेऊन पाखडायला बसली.  ती उठेपर्यंत ट्रंक निघणार नव्हती, आणि ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

हे लिहिताना मी दमतो. दोन भाऊ एका घरात न बोलता राहतात तेव्हा त्याचा थकवा घरातल्या बाकीच्यांना येतो. मला आज जो थकवा येतो त्यातला काही तेव्हाचा उरलेला असावा.

मग पुन्हा चैत्र जवळ आला. दवणा टाचेपासून गुडघ्यापर्यंत आला होता, तोडणीला आठेक दिवस राहिले असतील, आणि अण्णा विहिरीजवळ पाण्याची बारी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवताना वाकले ते वाकलेलेच राहिले. उसण. आम्ही दोघातिघांनी त्यांना उचलून पडवीत घोंगडीवर पालथं घातलं. अण्णांनी मान न उचलता सांगितलं, गोंद्याला बोलवा. गोंद्या म्हणजे मी. मी मोठ्या ऐटीत पाय धुऊन आलो. बापाला लाथ मारायची म्हणजे आधी नमस्कार करावा लागतो, तो केला, आणि डावा पाय लावला. काही झालं नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा लावला. तिसऱ्या सकाळी ओट्यावर इतर उसणवाले आले होते, त्यांच्यादेखत लावला, आणि अण्णा कळवळून म्हणाले, पुरे, आता मोडशील. ते उसणवाले एकमेकांकडे बघत निघून गेले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तात्या दारात उभे राहून हे बघत होते. ते बाईला म्हणाले, मी शेक देतो. पडवीतून आवाज आला, की देवाचा दवणा माझ्या अंगावर जळणार नाही, मी मेलो तरी. बाई हताश होऊन मळ्यात गेली आणि खुरपणीला आलेल्या सोनीबाईजवळ बसून रडली. सोनीबाई पेठकडच्या डोंगरातली, कोकणी जमातीची आदिवासी बाई, दरवर्षी नवरा-लेकरांसह आमच्याकडे कामाला यायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तात्यांना बोलावून विचारलं, तुमचा चिनी पाला दिसायला कसा? तात्या म्हणाले, वरून हिरवा, खालून पांढरा, लव असलेला. सोनीबाई हसायलाच लागली.

"ह्यो तर देवाचा दवना. तुमाला पायजे तो ढोरदवना. आमच्या डोंगरात लय. देवाला कोनी वाहत नाय, ढोरंबी खात नाय. आमी दान्याच्या कणगीत घालतो, किडा नाय लागत."

माळ्यांनी आयुष्यभर दवणा लावला, विकला, आणि आम्हाला त्याचा हा रानातला भाऊ ठाऊक नव्हता. ज्याला बाजार नाही ते झाड आम्हाला दिसायचंच नाही.

त्याच दुपारी तात्या आणि मी एस.टी.नं निघालो. पेठच्या अलीकडे उतरून सोनीबाईच्या पाड्यापर्यंत चढ होता. तात्यांना चढावर पायाची बोटं नसण्याचा त्रास व्हायचा, पुढचा भार तोलायला काही नसायचं. ते दर थोड्या वेळानं थांबायचे, गुडघ्याखालची एक जागा अंगठ्यानं दाबायचे आणि पुन्हा चालायचे. मी म्हटलं, मी एकटा आणतो, तुम्ही बसा. ते म्हणाले, वास मला ठाऊक आहे, तुला नाही. पाड्यावर सोनीबाईच्या सासूनं नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला आणि कणगीतून जुना, करडा झालेला पाल्याचा भारा काढला. तात्यांनी एक पान चुरलं. तळहातावर खरोखर कापूस झाला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि पाठ फिरवून बराच वेळ कुडाकडे तोंड करून उभे राहिले. मी भाकरी खात राहिलो.

परवा नातसुनेनं मला इंदिरानगरला नेलं. तिथं एक चिनी पद्धतीचं केंद्र निघालं आहे, गुडघ्यांसाठी चांगलं म्हणे. आत गार हवा, पाण्याचा बारीक आवाज, भिंतीवर माणसाचं चित्र आणि त्यावर ठिपकेच ठिपके. एका मुलीनं पाठीवर काचेचे पेले चिकटवले. मी म्हटलं, आमच्याकडे वैदू हेच शिंगानं करायचे, तुंबडी म्हणायचो. ती हसली. मग तिनं विडीसारखी जाड काडी पेटवून गुडघ्याजवळ धरली आणि मी डोळे मिटले. ढोरदवणा. मी विचारलं, कुठून आणता? म्हणाली, आजोबा, इंपोर्टेड आहे. पेठच्या रस्त्यानं तासाभरावर उगवतो, असं तोंडावर आलं होतं. पण बोलण्याचाही आता कंटाळा येतो. आणि शेक चांगला लागत होता.

रात्र पाड्यावर काढून दुसऱ्या दुपारी आम्ही मळ्यात परत आलो, तेव्हा तात्यांनी अण्णांना काही विचारलं नाही. त्यांच्या शेजारी बसले, पाला दोन दगडांत चोळून त्याचा कापूस केला, बाईनं आल्याच्या जाड चकत्या कापून दिल्या. अण्णांनी मान वळवून हुंगलं. "हा कुठला?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाली, "ढोरांचा. देवाशी त्याचा संबंध नाही." अण्णा गप्प राहिले. गप्प म्हणजे हो.

कमरेवर आल्याची चकती, चकतीवर कापसाची गोळी, गोळीला निखारा. हा पाला भडकला नाही. सावकाश, आतल्या आत धुमसत राहिला, आणि पडवीत एक कडवट, गोडसर धूर भरला. तात्या चकती सरकवायचे, पोळतंय का विचारायचे. अण्णा पालथे होते, त्यांना भावाचं तोंड दिसत नव्हतं. मला वाटतं म्हणूनच ते बोलू शकले.

"गावात म्हणतात, तू हात वर केलेस."

"केले," तात्या म्हणाले. "गोळ्या संपल्या होत्या. वर करायला हातच उरले होते."

नवी गोळी ठेवली, पेटवली. मग तात्या आपण होऊनच सांगायला लागले. इतक्या दिवसांत त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. पाय काळे पडले होते, बोटं गेलीच होती, पाय जाणार असं सगळे धरून चालले होते. तो म्हातारा डॉक्टर नव्हता, कैद्यांचं पाणी तापवायचा. रोज संध्याकाळी बादली घेऊन यायचा, पाय धुवायचा, पुसायचा, मांडीवर घ्यायचा आणि शेकायचा. पहिल्या दिवशी तात्यांना वाटलं, डागणी देऊन छळणार. त्यांनी पाय ओढून घेतला. म्हाताऱ्यानं तो परत मांडीवर घेतला.

अण्णा घोंगडीत तोंड घालूनच म्हणाले, "म्हातारा माणूस तुझे पाय धरायचा?"

"रोज. आपल्यापेक्षा थोरल्यानं पाय धरले की पाप लागतं, हे मी त्याला खुणांनी सांगत होतो. तो हसायचा. त्याला काही कळायचं नाही, का कळायचं, कोण जाणे. मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडून घ्यायचो, मग फिटायचं."

 गोळी राख झाली. तात्या उठायला लागले तसे अण्णा म्हणाले, "अजून एक लाव."

दुसऱ्या दिवशी अण्णा भिंत धरून उभे राहिले. त्याच्या पुढच्या दिवशी भिंत सोडून. आता कोणी म्हणेल, उसण आपोआपच उतरायची होती. उतरली असेल. मी काही शिकलेला नाही. आणि माझा तर आजही दावा आहे की अर्धी उसण माझ्या पायानं आधीच काढली होती, फक्त कळायला उशीर झाला.

दवण्याची तोडणी झाली. पहिली जुडी बाईनं ओल्या फडक्यात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवली होती. सकाळी अण्णा अंघोळ करून आले, त्यांनी जुडी उचलली, दारापर्यंत गेले आणि थांबले. तात्या ओट्यावर गरम पाणी पीत बसले होते. अण्णा त्यांच्यापुढे उभे राहिले आणि जुडी पुढे केली.

"दादा, तू जा. देवापुढं वाकावं लागतं. माझ्याच्यानं अजून वाकवत नाही."

तात्यांनी पेला खाली ठेवला. फडक्याला हात पुसले आणि दोन्ही हातांनी जुडी घेतली. त्यांनी पायातले जोडे काढले आणि त्या अर्ध्या पायानं, कधी न चुकणाऱ्या वाटेनं चालल्यासारखे, गंगेच्या दिशेनं निघून गेले. अण्णा ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.  पण त्या सकाळी गाईची धार अण्णांनीच काढली होती, पार खाली वाकून, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तात्या ऊन तापल्यावर परत आले. डांबरावर पाय पोळले होते, धुळीनं भरले होते. बाई मळ्यात होती. चुलीवर भगुण्यात पाणी तापत होतं, घमेलं ओट्याजवळ आणून ठेवलेलं होतं, त्यात आलंही ठेचून टाकलेलं होतं, जरा जास्तच, सवय नसलेल्या हातानं टाकावं तसं.